सरसाने चिकटवलेला डाव

आक्काच्या कारखान्यात पाऊल टाकलं की आधी भुसा नाकात जायचा आणि मग तो पट डोळ्यांत भरायचा. ऑफिस म्हणजे फळ्या ठोकून केलेला आडोसा. तिथे आक्काच्या खुर्चीमागे, खिळ्याला, बुद्धिबळाचा पट टांगलेला होता. नुसता नाही, सोंगट्यांसकट. सोंगट्या पडत नव्हत्या, कारण आक्काने त्या सरसाने चिकटवल्या होत्या. एक्केचाळीस वर्षं झाली. सरस कढवून स्वतः लावला होता तिने, आणि आक्काने लावलेला सरस सुटला असं कुणी म्हणावं आणि तिथून धड परत जावं, हे व्हायचं नाही.

सोंगट्या सहाच. पांढरा राजा, पांढरा उंट, आणि कडेच्या पट्टीत एकामागे एक तीन पांढरी प्यादी, नळावर हंडे लावावेत तशी. त्याच पट्टीच्या टोकाला, कोपऱ्याच्या घरात, काळा राजा. त्याच्या बाजूने पटावर दुसरं चिटपाखरू नाही. आणि तो उभा नव्हता, आडवा होता. आक्काने त्याला आडवाच चिकटवला होता.

नवं गिऱ्हाईक आलं की आक्का खुर्ची फिरवायची. पांढरी मी, म्हणायची, आणि तो कोपऱ्यात झोपलाय तो माझा धाकटा भाऊ. अण्णांनी सांगितलं, जिंकेल त्याचा कारखाना. मग काय, जिंकले. कधी धाकटा तिथेच चहा पीत बसलेला असायचा. तोही हसायचा. आक्काला वाटायचं, बरं आहे, मनाला लावून घेत नाही.

अण्णा म्हणजे तिचे वडील. कातारी. बुद्धिबळाच्या सोंगट्या कातायचे, आणि त्यांच्या हातचा घोडा खिंकाळेल की काय असं लोक म्हणायचे. आक्काच्या वाट्याला शाळा आली तीन इयत्ता, पण पट आला तो दुधाच्या दातांबरोबर. त्या घरात भांडण तोंडाने सुटत नसे, पटावर सुटे. खिडकीशी कोण झोपणार, नवी चप्पल आधी कुणाला, सगळं तिथेच. आणि त्या घराची एक रीत होती. समोरच्याकडे नुसता राजा उरला की डाव थांबवायचा. ज्याचा राजा एकटा पडला त्याने उठायचं, मान लववायची, राजा आडवा ठेवायचा. अण्णा म्हणायचे, एकट्या राजामागे धावणं म्हणजे पडलेल्याला लाथ घालणं. त्यामुळे त्या घरात कुणी एकट्या राजाला मात म्हणून दिलीच नव्हती. द्यायची कशी, हेही धड कुणाला माहीत नव्हतं. पण त्याचं वाईट वाटायच्या ऐवजी सगळ्यांना त्याचा तोराच होता.

आता आक्का सत्तरीला आली होती. तिचा मुलगा सोंगट्यांचा नव्हता, मशीनचा होता. वरच्या मजल्यावर, जिथे पूर्वी लाकूड सुकत घालायचे, तिथे त्याने कॉम्प्युटर रचून ठेवले होते आणि त्यांचे पंखे दिवसभर घोंघावत. पटावर सात किंवा त्याहून कमी सोंगट्या उरल्या की जेवढ्या म्हणून मांडण्या होऊ शकतात त्या सगळ्या मोजायच्या, आणि प्रत्येकीपुढे लिहून ठेवायचं, कोण जिंकणार की बरोबरी. त्याला तो टेबलबेस म्हणायचा. आक्का म्हणायची कोठार. लोक धान्य साठवतात, माझा लेक संपलेले डाव साठवतो, पण साठवतो तरी, असं ती शेजारणींना सांगायची, आणि शेजारणींनी नाक मुरडलं तर त्यांच्या लेकांची आठवण काढायची.

कारखाना पुढे चालवायला तयार होती ती भाची. धाकट्याची लेक. तिला सगळे ठिणगी म्हणत, आणि ते उगीच नव्हतं. चौतिशीची बाई, बारा वर्षं आक्काच्या लेथवर उभी. तिच्यासारखा हात आक्काने अण्णांनंतर बघितला नव्हता, अर्थात तसं तिला सांगितलंही नव्हतं. ठिणगीने एकदा नाही, तीनदा विचारलं होतं, आत्या, कारखाना मला चालवू दे. तिन्ही वेळा आक्काने खुर्ची फिरवून भिंतीकडे बोट दाखवलं होतं. तुझ्या घरचा हक्क तिथे झोपलाय, उठव त्याला आणि मग बोल. शेवटी आक्काने जागा दारं-खिडक्या करणाऱ्या एका माणसाला द्यायचं ठरवलं. तो लेथ काढून टाकणार होता आणि कापायची मोठी यंत्रं बसवणार होता. शुक्रवारी सह्या होत्या. ठिणगी त्यावर काही बोलली नाही. ती बोलत नाही म्हणजे काही खरं नाही, हे आक्काला कळायला हवं होतं.

बुधवारी दुपारी डबे उघडले आणि मुलगा खाली आला तो वैतागून. जागा पुरत नाही, म्हणाला. डिस्क भरल्या. मग मी क्षुल्लक मांडण्या गाळल्या.

ठिणगीने विचारलं, क्षुल्लक म्हणजे कुठल्या.

तर म्हणाला, एका बाजूला नुसता राजा उरलाय अशा. समोर दोन असोत, पाच असोत, सहा असोत. त्यात मोजायचं काय? कोण जिंकणार ते आंधळ्यालाही दिसतं. आणि आक्काकडे बघून वर हेही म्हणाला, की आपल्या घरात नाहीतरी तिथे डाव संपतोच.

आक्काला ते फार आवडलं. लेकाच्या कोठारात अण्णांची रीत बसली, याहून काय पाहिजे. तिने त्याच्या डब्यात आपल्यातली भाजी वाढली.

ठिणगीने मात्र घास खाली ठेवला. म्हणाली, मग ते कोठार कसलं, भोकाचं पोतं झालं. मुलगा म्हणाला, अगं, तांदळाबरोबर कुणी तूस साठवतं का. ठिणगी म्हणाली, तूस आहे की दाणा हे मोजल्याशिवाय तुला कळलं कसं? मुलगा म्हणाला, काही गोष्टी मोजाव्या लागत नाहीत. असं दोघांचं चाललं. आक्का दोघांकडे आलटूनपालटून बघत जेवत होती, आणि भांडण रंगतंय म्हणून जरा खुशीतच होती.

मग ठिणगी उठली, पॉलिशला ठेवलेल्या पाटीतून एक प्यादं उचललं आणि आक्काच्या डब्याशेजारी ठेवलं.

"आत्या, आपण संचात सोळा प्यादी देतो. एक कमी दिलं तर? प्याद्यात काय मोठं कातायचं असतं?"

आक्काचा घास तोंडातच राहिला. कारण हे वाक्य कारखान्यात कुणी बोललं असतं तर आक्काने त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. प्यादं ज्याने बिघडवलं त्याचा राजा मी बघणार नाही, हे तिचंच बोलणं, आणि दर नव्या माणसाला ती ते पहिल्या दिवशी ऐकवायची. आपलीच पटाशी कुणी आपल्याच बोटावर ठेवावी तसं तिला झालं.

मग ती रागावली. रागावल्यावर तिला नेहमी बरं वाटायचं. म्हणाली, बरं तर. होऊन जाऊ दे. तिने मुलाला हुकूम सोडला, भिंतीवरचा डाव घे. तेवढी एकच मांडणी तुझ्या मशीनला मोजायला सांग, आणि काय निघतं ते हिच्या हातात छापून दे. शुक्रवारच्या आधी दे. म्हणजे हिची खुमखुमी जिरेल.

मुलगा म्हणाला, एकच मांडणी मोजता येत नाही, त्या जातीच्या सगळ्या मोजाव्या लागतात, मशीन मात झालेल्या मांडणीपासून मागे मागे येतं. दोन-तीन तास जातील. आक्का म्हणाली, जाऊ देत, तुझ्या मशीनला कुठे लेकरं सांभाळायची आहेत.

चार वाजता वरचा पंख्यांचा आवाज बसला. मुलगा खाली यायला हवा होता, तो आला नाही. आक्काने दोन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला जिन्याच्या तोंडाशी आला आणि म्हणाला, "आई, तू वर ये."

आक्काचे गुडघे जिना बघूनच कुरकुरायचे. गेल्या वर्षात ती वर गेली नव्हती. पण मुलाचा चेहरा बघून ती गेली, आणि मागून ठिणगी गेली.

पडद्यावर तोच पट होता. तोच राजा, तोच उंट, तीच तीन प्यादी, कोपऱ्यात काळा राजा. फक्त इथे तो उभा होता. आक्काला पहिल्यांदा तेच खटकलं. खाली एक शब्द लिहिला होता. आक्काला वाचायला वेळ लागायचा, अक्षर अक्षर जोडत. ब, रो, ब, री.

तिने पुन्हा जोडून बघितलं. मग म्हणाली, मशीन बिघडलंय.

मुलगा म्हणाला, मीही तेच म्हटलं, म्हणून दुसऱ्या पद्धतीनेही तपासलं. आणि मग त्याने बोटाने दाखवलं. आई, हा कोपरा बघ. तुझी प्यादी ज्या घरात जाऊन वजीर होणार ते घर पांढरं. तुझा उंट काळ्या घरांतला. उंट काळ्या घरांतला म्हणजे जन्मभर काळ्याच घरांत. तो त्या कोपऱ्यावर कधीच मारा करू शकत नाही. मग मामाच्या राजाला तिथून हुसकणार कोण? तो कोपऱ्यात बसणार, शेजारच्या घरात जाणार, परत कोपऱ्यात येणार. फार आवळलं तर कोंडी होणार, म्हणजे शह नाही आणि जायलाही जागा नाही. तीही बरोबरीच.

आक्का म्हणाली, तीन प्यादी आहेत माझी.

तीन काय, तीस असती तरी काय, सगळी त्याच पट्टीत, मुलगा म्हणाला, आणि मग आईशी आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्याने खुर्ची तिच्याकडे सरकवली.

आक्काने माउस हातात घेतला. तिला तो धरता येत नव्हता, ती तो पटाशीसारखा धरत होती. पहिलं प्यादं पुढे टाकलं. बरोबरी. परत घेतलं, उंट हलवला. बरोबरी. राजा डावीकडून आणला, उजवीकडून आणला. शब्द हलेना. तळहाताला घाम आला आणि माउस निसटायला लागला.  तिला आजारी अण्णांचा हात आठवत होता, खाटेच्या कडेवर ठेवलेला, आणि सरसाचा वास.

बोलली ती ठिणगी, आणि तीही हळू. जिंकली तर नव्हतीस ना, एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात जीत नव्हती. तीही हादरली होती. बारा वर्षं ती त्या पटाखाली उभी राहून बोलणी खात आली होती.

मग मुलाला आईची कीव आली. म्हणाला, तसं नियमाने बघितलं तर प्रश्नच नाही. समोरचा उठला, राजा आडवा ठेवला, म्हणजे हार कबूल केली. मांडणी बरोबरीची असली तरी कबूल केलेली हार ती हारच. जगात सगळीकडे हाच नियम आहे.

आक्काच्या छातीवरचा दगड उतरला. अगदी उतरला. ती खुर्चीत मागे टेकली. सुटले, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच्याच पाठोपाठ दुसरं काहीतरी वर आलं, विहिरीत बादली सोडावी आणि भलतंच काहीतरी अडकून यावं तसं.

अण्णा फक्त जिंकेल त्याचा असं म्हणाले नव्हते. पुढे आणखी एक वाक्य होतं. बरोबरी झाली तर दोघांचा.

एक्केचाळीस वर्षांत तिने हा डाव हजारदा सांगितला होता, आणि ते वाक्य एकदाही सांगितलं नव्हतं. लपवलं म्हणून नव्हे. त्याची गरजच नव्हती. बरोबरी झालीच नव्हती, तर ते वाक्य कशाला उगाळायचं? गाळलं होतं. हातातून गळलं तसं गाळलं होतं, आणि आज ते तिथेच पडलेलं सापडलं.

ही गोष्ट आता जगात दोघांनाच माहीत होती. तिला, आणि धाकट्याला आठवत असेल तर धाकट्याला.

ती उठली आणि जिना उतरली. गुडघ्यांनी त्या दिवशी कुरकुर केली की नाही हेही तिला नंतर आठवेना. खाली येऊन तिने खुर्चीवर चढून पट काढला. भिंतीवर त्याच्या जागी चौकोन उजळ उमटला होता, बाकीची भिंत भुशाने पिवळट झालेली. पट काखोटीला मारून ती निघाली. मागून मुलगा आला, भाची आली. तिने दोघांना हाताने थांबवलं.

धाकट्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे. धाकट्याने जन्म काढला तो लाकडाच्या वखारीत, दुसऱ्याच्या ओंडक्यांवर खडूने खुणा करण्यात. आता निवृत्त होऊन दारात खुर्चीचा पाय सांधत बसला होता. आक्काच्या काखेतला पट बघून त्याने हातोडी खाली ठेवली.

"काय गं आक्का, मला आता घरपोच चिडवणार का?"

आक्का हसली नाही. त्याच्यासमोर पायरीवर बसली, धापा टाकत. पट मांडीवर ठेवला. तिने ठरवलं होतं की आधी एक गोष्ट विचारायची, बाकीचं नंतर. तिने विचारलं, अण्णा त्या दिवशी काय म्हणाले होते, आठवतं तुला?

धाकटा म्हणाला, "जिंकेल त्याचा." आणि थांबला.

नेमका तिथेच थांबला. जिथे ती थांबायची तिथेच. आक्काने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं, की याला पुढचं आठवतंय. विसरलेला माणूस असा कडेला येऊन उभा राहत नाही.

मग तिने सगळं सांगितलं. मशीन, कोपरा, काळ्या घरांतला उंट. तिला वाटलं होतं धाकटा चकित होईल. धाकटा खुर्चीच्या पायावरचा सरस बोटाने पुसत होता.

"काळ्या घरांतला, हो," तो म्हणाला. "मला अकराव्या दिवशी कळलं."

आक्काला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तिने पुन्हा विचारलं.

धाकट्याने सांगितलं ते असं. वखारीत लागून अकरा दिवस झाले होते. जेवणाच्या सुट्टीत ओंडक्यावर खडूने पट काढला, ढलप्यांच्या सोंगट्या केल्या आणि उगीच तो डाव मांडून बसला. एकट्या राजाने खेळत राहिला. घरात मनाई होती, वखारीत कोण बघतंय. अर्ध्या तासात लक्षात आलं की आपला राजा मरतच नाही. जेवण तसंच टाकून तो धावत कारखान्याच्या फाटकापर्यंत आला.

"मग?" आक्काने विचारलं.

"मग तू लेथवर उभी होतीस. अण्णांचा एप्रन बांधून. तुला दोन वेढे द्यावे लागत होते नाड्यांना. आणि अण्णा खाटेवरून बघत होते तुझ्याकडे, हसत होते. त्या आजारपणात मी त्यांना तेवढं एकदाच हसताना बघितलं. मी परत गेलो."

आक्काला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. ती म्हणाली, म्हणजे तू माझ्यावर उपकार केलेस, एक्केचाळीस वर्षं. तिच्या तोंडात तो शब्द कडू लागला.

धाकट्याने मान हलवली. उपकार कसले, म्हणाला. खरं सांगू का, मला कारखाना नकोच होता. भुसा नाकात गेला की माझं डोकं उठायचं, पण अण्णांना सांगायची छाती नव्हती. मला हरायचंच होतं. आयती हार मिळाली, मी घेतली. "फक्त ती रोज भिंतीवर नको होती, आक्का. तेवढं तू फार केलंस."

रस्त्यावरून एक सायकल गेली. आक्का पटावरच्या आडव्या राजाकडे बघत होती. तिने त्याला आडवा चिकटवताना किती वेळ बोटाने दाबून धरला होता, ते तिच्या बोटाला आठवत होतं.

आणि पोरगी, आक्का म्हणाली. पोरीचं काय?

इथे मात्र धाकट्याची मान खाली गेली. म्हणाला, तिचा जीव लेथमध्ये अडकेल हे मला काय ठाऊक. ती तुझ्याकडे लागली तेव्हा त्या डावाला एकोणतीस वर्षं झाली होती. तेव्हा सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, पोरीसाठी गोष्ट रचली. आणि तू म्हणालीच असतीस.

म्हणाली असती. आक्काने ते मान्य केलं, मनात. मोठ्याने मान्य करायची सवय तिच्या जिभेला नव्हती.

ती उठली आणि म्हणाली, चल. धाकटा म्हणाला, कुठे. तर म्हणाली, डाव पुरा करायचाय. धाकटा म्हणाला, अगं, मी उठलो, राजा ठेवला, संपलं ते, तुझा लेकही हेच सांगेल. आक्का म्हणाली, सांगितलं त्याने. तू अण्णांच्या रीतीने उठलास, डावाने नाही. ऊठ आता, माझ्या गुडघ्यांत दोनदा यायची ताकद नाही.

दोघं परत आली तेव्हा कारखान्यातले लेथ बंद होते आणि मुलगा व ठिणगी आडोशापाशी उभी होती. आक्काने पट टेबलावर ठेवला आणि सर्वांत पातळ पटाशी मागितली. ठिणगीने दिली. आक्काने एकेका सोंगटीच्या बुडाखाली पटाशीचं पातं सरकवलं, तळव्याने हलकेच ठोकलं. सरस जुना झालेला, कटकन सुटायचा. उंटाच्या बुडाला लावलेलं मऊ कापड, बनात, फाटून पटावरच राहिलं. काळा राजा शेवटी. तो सहजासहजी निघेना, तिने त्याला आडवा म्हणून चांगला अंगभर सरस माखला होता. निघाला तेव्हा कुशीवरची पॉलिश सोलून आली. आक्काने त्याला कोपऱ्याच्या घरात उभा केला. एका अंगाने पांढरा पडलेला राजा.

"पाळी माझी होती," ती म्हणाली.

आणि त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी एकट्या राजाशी खेळायला लागलं. आक्का हलक्या हाताने नाही खेळली. ते तिला येतच नव्हतं. वीस मिनिटं तिने त्या कोपऱ्याला वेढा घातला. उंट या तिरक्या ओळीवरून त्या तिरक्या ओळीवर नेला, राजा जवळ आणला, लांब नेला, पुन्हा आणला. धाकटा एक घर बाजूला जायचा, एक घर परत यायचा.  मशीनने सांगून झालं होतं, तरी प्रत्येक खेळीला आक्काच्या मनात कुठेतरी वाटत होतं की आता सापडेल. मशीनला काय कळतं, आता सापडेल. सगळ्यांत पुढचं प्यादं कोपऱ्यापासून दोन घरांवर आलं. राजा त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. उंटाने शेजारचं काळं घर धरलं.

धाकट्याने हात पुढे केला आणि तसाच हवेत ठेवला. जायला घर नव्हतं. शहही नव्हता.

आक्काने पटाकडे बघितलं. मग भाचीकडे बघितलं, आणि तिच्याकडे बघतच बोलली, कारण पटाकडे बघून बोलणं सोपं झालं असतं.

"अण्णा म्हणाले होते, बरोबरी झाली तर दोघांचा. तुझ्या बापाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. मी ते कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही."

ठिणगीचा हात लेथच्या कडेवर गेला, आधाराला जावा तसा.  मुलगा आईकडे असा बघत होता जणू कुणी परकी बाई येऊन खुर्चीत बसली आहे. आक्का त्याच्यावर खेकसली, की उभा काय राहिलास, दारं-खिडक्यावाल्याला सांग, शुक्रवारी येऊ नको म्हणावं, अर्धी मालकीण तयार नाही. मग तिने अंगावरचा, अण्णांचाच तो जुना एप्रन सोडायला नाड्यांना हात घातला, आणि मध्येच थांबून, अर्धा सोडायची काही सोय नसते म्हणून, पुन्हा बांधला. ठिणगीला म्हणाली, तुझा तू नवा शिव. आणि उंटाची बनात फाटली आहे, ती उद्या सकाळी आल्या आल्या लाव.

मुलगा वर गेला. थोड्या वेळाने वरचे पंखे घोंघावायला लागले, मघापेक्षा मोठ्याने. गाळलेलं सगळं तो पुन्हा मोजायला घालत होता.

खाली टेबलाशी बहीणभाऊ अजून तसेच होते. डाव संपला होता, तेव्हा रीतीप्रमाणे कुणीतरी उठून मान लववायची होती. दोघंही अर्धवट उठली आणि तिथेच अडकली, गुडघे वाकलेले, हात टेबलावर टेकलेले. एकटा राजा तगला तर मान कुणी लववायची, हे अण्णांनी त्यांना शिकवलंच नव्हतं.